अस्सल बरहुकूम खरी नक्कल

...आणि डब्यावर काय लिहिलेलं, माहितीये? ‘नकली मालापासून सावध राहा.’ लाल अक्षरात. खाली चकाकणारा गोल स्टिकर, त्यात एक वाघ, डबा तिरका धरला की वाघाचा सिंह होतो. आणि आत वॉटर पंप. म्हणजे ट्रकच्या इंजिनात पाणी फिरवतो तो पंप, जो आम्ही बसवला आणि पंधरा मिनिटांत त्याने इंजिनातलं सगळं पाणी नानाच्या अंगणात फिरवलं. हा चौथा, तुम्हाला सांगतो. पहिल्या पंपाला मी चिडलो होतो, दुसऱ्याला दुकानात जाऊन भांडलो, तिसऱ्याला खरं सांगायचं तर रडू आलं होतं, आणि चौथ्याला... काही नाही. पाणी वाहत होतं, मी बघत होतो. चपला भिजायला लागल्या तेव्हा पाय वर घेतले. आणि आमचा मिस्तरी, कुंदन त्याचं नाव, तो पान्ह्याने पाठ खाजवत काय म्हणाला? "चाली जाई, भाऊ."

चाली जाई. म्हणजे चालून जाईल. तुम्ही बाहेरगावचे असाल तर सांगतो, आमच्या खानदेशात निम्मा कारभार या दोन शब्दांवर आहे. नवरदेव जरा बुटका आहे... चाली जाई. पुलाला तडा गेलाय... चाली जाई. भाजीत मीठच नाही... चाली जाई, लोणचं घे. पण ट्रकच्या बाबतीत कसं होतं की मी विचारतो, "कुंदन, गाडी चालेल का रे?" आणि तो म्हणतो, "चाली जाई." आता हा गाडीबद्दल बोलला, की पंपाबद्दल बोलला, की एकंदर माझ्या उरलेल्या आयुष्याबद्दल बोलला, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही. मी विचारणंही सोडलं.

तुम्ही म्हणाल, अभिमनराव, तुम्ही तेहतीस वर्षं जळगावला सरकारी कचेरीत आवक-जावकला कारकून, तुमचा ट्रकशी संबंध काय? काहीच नाही. मला सायकलची चेन बसवता येत नाही. ट्रक नानाचा. नाना म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, जीवराम, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा, धुळ्याच्या बाहेर पारोळा रोडवर राहतो. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होतो आणि नाना क्लीनर होता. मग ड्रायव्हर झाला, मग त्याने स्वतःची गाडी घेतली, ती जुनी नाकाची गाडी, पुढे लांब बोनेट असलेली, आता दिसत नाहीत त्या. त्या गाडीवर त्याने केळी वाहिली, कापूस वाहिला, ढेप वाहिली, आणि मला बी. कॉम. केलं. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालकाचा व्यवसाय या रकान्यात मी ‘वाहतूक’ लिहिलं होतं, तर नानाने ते खोडून ‘ड्रायव्हर’ लिहायला लावलं. असा माणूस. खोटं चालत नाही त्याला. कळतंच त्याला खोटं.

तर झालं काय, की नानाची नजर गेली कमी होत, गाडी सुटली, ट्रक अंगणात लिंबाखाली उभा राहिला. दहा-बारा वर्षं उभा. आणि कोविडच्या आदल्या वर्षी, वैशाखात माझ्या मुलीचं, रूपाचं लग्न झालं, आणि त्याच महिन्यात नाना डोळ्याच्या ऑपरेशनला भुसावळला लेकीकडे गेला. घरी वहिनी एकटी. वहिनीचा फोन, "अभिमनभाऊ, गाडीमा साप निंघना." म्हणजे निघाला. मी धाकटा, शिकलेला, सरकारी नोकर, म्हणजे अक्कल असल्याचा समज... माझाच. मी एक भंगारवाला गाठला आणि इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळं उचलून देऊन टाकलं. नुसता सांगाडा ठेवला, आठवण म्हणून. वर वहिनीला म्हटलं, नाना आला की खूश होईल.

नाना आला. आणि माझ्याशी बोलेना.

ओरडला नाही, शिवी दिली नाही, बोलेनाच. फोन केला की "धर," म्हणून वहिनीच्या हातात. दिवाळीला गेलो तर माझ्यासमोर बसून वहिनीला म्हणतो, "त्याले सांग, चहा थंडा व्हई राह्यना." मी हातभर अंतरावर. वहिनी माझ्याकडे वळून म्हणते, "चहा थंड होतोय म्हणे." मी वहिनीला म्हणतो, "घेतो म्हणावं." वहिनी तिकडे वळून सांगते, "घेतो म्हणतात." पहिलं वर्ष मला झोप लागत नव्हती, हे मी मोकळेपणाने सांगतो. ज्याने मला वाढवलं तो माणूस माझ्याकडे असं बघायचा, जसं माझ्या मागच्या भिंतीवर काहीतरी लिहिलंय. घरात सगळ्यांचं एकमत झालं की इंजिन. दुसरं काय असणार? माणसाच्या पोटापाण्याचं इंजिन तुम्ही त्याला न विचारता विकता, तर तो काय आरती ओवाळेल?

मग माफी मागायची ना! तोंड आहे की. आहे, पण आमच्या घरात कोणी आजपर्यंत माफी मागितलेली नाही, पद्धतच नाही. आमच्याकडे चूक झाली की माणूस काहीतरी आणून ठेवतो. वडिलांनी एकदा आईला मारलं तर दुसऱ्या दिवशी घंगाळ आणलं होतं. ते घंगाळ अजून आहे. तर मी ठरवलं, इंजिन नेलं, इंजिन आणून ठेवायचं. गाडी चालू करून द्यायची. रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या सोमवारी कामाला लागलो. म्हटलं, किती दिवस लागतील? दोन महिने धरा.

पहिल्यांदा गेलो गनीभाईकडे. धुळ्याला हायवेवर त्यांचं जुन्या गाड्यांच्या सामानाचं आवार आहे. आता तुम्ही मनात म्हणत असाल, की तिथे यांना नानाचंच इंजिन परत मिळालं असणार. नाही मिळालं. सिनेमात मिळतं. मी विचारलं होतं, तर गनीभाई म्हणाले, "साहब, वो तो गल गया, अब तक किसी के घर का तवा बन गया होंगा." चांगला माणूस, खोटं बोलत नाही. आवारात खाट टाकून बसतो, मांडीवर नात, हुमा, ती नट मोजते. मी म्हटलं, मला या मॉडेलचं ओरिजनल इंजिन पाहिजे. तर म्हणाले, "देखो साहब, नया लेंगे तो डुप्लिकेट, पुराना लेंगे तो घिसेला. बोलो, क्या देऊँ?" मी घिसेला घेतलं. एरंडोलकडे एका खडी मशीनवर ते इंजिन सोळा वर्षं दगड फोडत होतं. म्हटलं, मूळ आहे ना, बास. वाईट असलं तरी अस्सल आहे.

पण इंजिन म्हणजे नुसता वाडगा हो. आतलं सगळं बदलायचं. पिस्टन, लायनर, बेअरिंग, गॅस्केट, पंप. आणि तो माल मिळतो जळगावात प्रेमचंदशेठकडे. तीन पिढ्यांचं दुकान, शेठ स्वतः गादीवर, कपाळावर केशराचा टिळा, समोर पाणी, बडीशेप, सगळं अदबीने. मी म्हटलं, "शेठ, वॉटर पंप द्या. ओरिजनल." त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "साहेब, ओरिजनल पाहिजे का कंपनीचा पाहिजे?"

मी म्हटलं, "दोन्ही एकच ना?"

"एक कसं असेल, साहेब? कंपनीचा म्हणजे कंपनीचा. तो बंद होऊन तीस वर्षं झाली. कंपनीलाच लागला तर कंपनी माझ्याकडे येईल. ओरिजनल म्हणजे कंपनीच्यासारखा. त्याच्या खाली ओरिजनलसारखा. त्याच्या खाली लोकल. आणि लोकल म्हणू नका हं त्याला, लोकलमध्येही डुप्लिकेट येतं. आमच्याकडे ओरिजनल लोकल आहे."

मी विचारलं, "आणि ओरिजनल कुठे बनतो?"

"वरून येतो."

"वरून म्हणजे? दिल्ली?"

शेठनी बोट वर केलं. मी वर बघितलं. दुकानाला माळा होता. ते शिडी लावून स्वतः चढले आणि वरून माल आला.

हसू नका. कारण तेव्हा मला ते पटलं होतं. का पटलं ते सांगतो. तेहतीस वर्षं मी काय केलं? नकला दिल्या. सातबाराची नक्कल, फेरफाराची नक्कल, आणि प्रत्येकीवर शिक्का मारला, ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’. कधी वाचलाय तुम्ही तो शिक्का नीट? अस्सल. बरहुकूम. खरी. नक्कल. चार शब्दांत माणसाला काय खरं नि काय खोटं हेच कळेनासं होतं, पण त्यावर कोर्ट चालतं, बँक चालते. मग प्रेमचंदशेठच्या डब्यावर वाघाचा सिंह होतो, याचा मी अविश्वास कुठल्या तोंडाने करायचा? शेठचा मुद्दा तर बिनतोड होता. म्हणाले, "डब्यावर लिहिलंय ना, नकलीपासून सावध राहा? डुप्लिकेटवाला असं कशाला लिहील?" मी मान डोलावली. पंप घेतला. एसटीने मांडीवर ठेवून धुळ्याला नेला, तीन तास, एखाद्या बाळंतिणीच्या बाळासारखा.

आणि धुळ्याला नाना.

नाना लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा. नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, कारण बोलतच नव्हता. कुंदनने पंप डब्यातून काढला की नाना नुसता हात पुढे करायचा. कुंदन पंप त्याच्या हातात द्यायचा. नाना तो कानाशी धरायचा, अंगठ्याच्या नखाने टिचकी मारायचा... टण्. डोळे मिटून ऐकायचा. आणि मग म्हणायचा, "कुंदन, त्याले सांग, हाऊ डुप्लिकेट शे."

कुंदन माझ्याकडे वळायचा. "भाऊ, नाना म्हनस डुप्लिकेट शे."

मी म्हणायचो, "त्यांना सांग, डब्यावर स्टिकर आहे."

"नाना, भाऊ म्हनस डबावर वाघ शे."

"त्याले सांग, वाघ बसाड मंग इंजिनमा."

कुंदन माझ्याकडे वळायचा, आणि मी म्हणायचो, राहू दे, ऐकलं मी.

आणि खरंच डुप्लिकेट निघायचा, हो. दर वेळी. एकदा बेअरिंग आणलं, टिचकी, डुप्लिकेट. क्लच प्लेट आणली, नानाने नुसता वास घेतला, डुप्लिकेट. गॅस्केट आणलं, ते कागदासारखं असतं, त्याला टिचकी कशी मारणार? म्हटलं आता बघू. तर नानाने ते दोन बोटांत धरलं, वाऱ्यावर हलवलं आणि कुंदनला म्हणाला, "लगीनपत्रिका शे." बसवलं, आठ दिवसांत फाटलं. आणि दर वेळी नाना डुप्लिकेट म्हणाला की कुंदन माझ्या तोंडाकडे बघून, माझी दया येऊन, हळूच म्हणायचा, "चाली जाई, भाऊ." एकाच अंगणात एक माणूस म्हणतो हे खोटं आहे, दुसरा म्हणतो चालून जाईल, आणि मी मध्ये उभा, हातात पावती.

तीन वर्षं. जळगाव ते धुळे, धुळे ते जळगाव. एसटीचे कंडक्टर मला ओळखायला लागले, विचारायचे, "काका, आज काय?" मी म्हणायचो, डिझेल पंप. एकदा रेडिएटर होता, त्याचं अर्धं तिकीट काढायचं का यावर एरंडोलपर्यंत वाद झाला. घरी रत्ना, माझी बायको, आधी चिडायची, मग तिने मला एक मोठी पिशवी शिवून दिली. पहिल्या वर्षी डुप्लिकेट ऐकलं की मी डब्यावरचा वाघ पुन्हा पुन्हा तिरका करून बघायचो. दुसऱ्या वर्षी नुसता उसासा यायचा. तिसऱ्या वर्षी, तुम्हाला सांगतो, काहीच व्हायचं नाही. नाना टिचकी मारायचा, मी आधीच पार्ट परत पिशवीत टाकायला पिशवी उघडून धरायचो. प्रेमचंदशेठही शेवटी शेवटी काही विचारत नव्हते. मी दुकानात गेलो की ते मुकाट शिडी लावायचे. रूपाचा पुण्याहून फोन यायचा, "पप्पा, तुम्ही बरे आहात ना? तुमचा आवाज असा का येतो?" कसा येतो? तर म्हणे डुप्लिकेट वाटतो.

आणि मग या माघात एके दिवशी सकाळी, दहा-साडेदहाला, गाडी चालू झाली.

काही कारण नाही. तेच खडी मशीनचं इंजिन, पाचवा वॉटर पंप, लोकलमधला ओरिजनल, कुंदनने त्याला कसली तरी पट्टी मारलेली. कुंदनने चावी फिरवली, गाडी खोकली, थरथरली, लिंबावरचे कावळे उडाले, काळा धूर निघाला आणि ती चालूच राहिली. दोन मिनिटं झाली, पाच झाली. पाणी कुठून येत नव्हतं. वहिनी आतून हळदी-कुंकू घेऊन आली. कुंदन स्टेअरिंगला धरून ओरडत होता, "भाऊ, सांग्यं व्हतं ना, चाली जाई!" आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य अक्षरशः खरं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी वाट बघत उभा होतो आनंद कधी होतो याची. पण माझं लक्ष नानाकडे. तो उठला, काठी टेकत आला, पायरीवर पाय देऊन डाव्या बाजूने आत चढला. मी त्याच्या मागून चढलो. कुंदनने गाडी अंगणातून काढली आणि पारोळा रोडला घेतली.

गेलो आम्ही दोन-तीन किलोमीटर. वीसच्या स्पीडने. मागून ट्रॅव्हल्सवाले हॉर्न मारत होते. नाना पुढे बघत होता, दोन्ही हात काठीवर. मी दाराशी बसलेलो, सगळं अंग हलतंय, दात वाजताहेत, आणि मी मनात म्हणतोय, आता बोलेल, आता बोलेल. काहीही बोल. शिव्या दे. डुप्लिकेट म्हण, पण मला म्हण, कुंदनला नको. एकसष्ट वर्षांचा माणूस मी, आणि एखादं पोर मास्तरांच्या तोंडाकडे बघतं तसा बघत होतो. आणि नाना समोर बघत म्हणाला, "अभिमन."

सहा वर्षांनी. माझं नाव. मला काही दिसेना, डोळे भरले. मी म्हटलं, "नाना, चुकलं माझं. इंजिन विकायला नको होतं." बघा, तोंडाने निघालं. आमच्या घराण्यात पहिल्यांदा.

नानाने माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. आणि म्हणाला, "कोन्तं इंजिन?"

"आपलं. हिचं. मी भंगारात दिलं ते."

"ते गयं ते बरंच व्हयनं," नाना म्हणाला. "त्यामा साप व्हतात."

गाडी चालली होती. मी म्हटलं, "मग... मग तू बोलत का नव्हतास?"

नानाने काठी बाजूला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "रूपाना लगीनमा तू माले कोन्ता टॉवेल दिधा व्हता?"

टॉवेल.

आता ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्नात मानाच्या पुरुषांना टोपी-टॉवेल देतात. माईकवर नाव पुकारतात, माणूस पुढे येतो, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, नमस्कार. आणि हे टॉवेल दोन प्रकारचे असतात. एक वापरायचे. ते जवळच्यांना. आणि एक देण्याघेण्याचे. हे देण्याघेण्याचे म्हणजे यांनी आजतागायत कोणाचंही अंग पुसलेलं नाही. ते तुमच्या लग्नात मला येतात, मी ते घडी न मोडता पुढच्या लग्नात तिसऱ्याला देतो, तो चौथ्याला. जाळीसारखे पातळ, पिन लावलेले, फिरतच असतात. कोण बनवतं, कुठे बनतात, कोणाला माहीत नाही. तर रूपाच्या लग्नात रत्नाने दोन गठ्ठे केले होते, उजवीकडे वापरायचे, डावीकडे देण्याघेण्याचे, आणि नानाचा सगळ्यात वर, सोलापुरी, जाडजूड, वेगळा ठेवलेला. मी व्याह्यांच्या पाया पडत होतो. माईकवर नाव आलं, ‘नवरीचे मोठे काका, जीवराम नाना’, आणि जो कोणी उभा होता त्याने हात घातला डावीकडे.

"जनरेटरवालाले आन माले एकच टॉवेल," नाना म्हणाला. हळू म्हणाला. चिडून नाही. "मी तठेच उघाडीसन दखा. आरपार दिखास. त्यामाईन माले तू दिसना, याहीना पाया पडी राह्यना व्हता."

मला एकदम सगळं दिसलं. हा माणूस मांडवात उभा आहे, ज्याने मला शिकवलं, ज्याच्या केळीच्या गाडीवर मी कॉलेजला गेलो, आणि तो जाळीचा टॉवेल डोळ्यांसमोर धरून त्यातून मला बघतोय. मला आतून इतकं वाईट वाटलं, की तीन वर्षांचं सगळं बधिरपण एका दमात उतरलं आणि जे खाली होतं ते फार दुखत होतं. मी त्याचा हात धरला. त्याने धरू दिला.

मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "मंग हाई गाडी कसाले करी तू?"

कशाला केली. पाच वॉटर पंप, तीन क्लच प्लेटा, दोन रेडिएटर, जळगाव-धुळे, धुळे-जळगाव. कशाला केली गाडी? मी म्हटलं, "असंच." कुंदन रस्त्याकडे बघत बसला होता, त्याला पहिल्यांदाच काही म्हणायला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला फुले मार्केटमध्ये. पहिलंच दुकान, पोरगेलासा मालक, मनन, मोठा हसतमुख. म्हटलं टॉवेल दाखवा. तो म्हणाला, "काका, देण्याघेण्यातला का वापरायचा?" मी म्हटलं, वापरायचा. चांगला. सोलापुरी. ओरिजनल. तर त्याने हातातला गज खाली ठेवला आणि विचारलं, "काका, ओरिजनल पाहिजे का सोलापूरचा पाहिजे?"

मला माहिती होतं आता तो कुठे जाणार. तो शिडीकडे गेला.

नेला तो टॉवेल धुळ्याला. नानाने घडी मोडली, दोन बोटांत चोळला, उन्हाकडे धरला, बराच वेळ धरला. आणि म्हणाला, "अभिमन, हाऊ डुप्लिकेट शे." थेट मला. कुंदन समोर असून मला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन रत्नाला सांगितलं, नाना डुप्लिकेट म्हणाला, तर ती माझ्याकडे बघत राहिली, की हा माणूस हसतोय का. दुसरा नेला, डुप्लिकेट. तिसरा नेला, नानाने त्याच्याने गाडीची काच पुसली. आता तो दर शुक्रवारी स्वतः फोन करतो, वहिनीच्या हातात देत नाही, म्हणतो, "अभिमन, आन्ना का टॉवेल?" आणि मग अर्धा अर्धा तास बोलतो, गुडघ्याचं, डोळ्याचं, पावसाचं, मी विकलेल्या त्या सापांचंसुद्धा. मी नव्या टॉवेलची घडी मांडीवर ठेवून ऐकत बसतो. त्याला खरा टॉवेल मिळाला तर तो काय बोलेल, याची मला आता जरा भीतीच वाटते.

तर तुम्ही एवढे बसलाय म्हणून विचारतो, तुमच्यात कोणी सोलापूरकडचं आहे का? एक टॉवेल पाहिजे होता, खरोखरचा. घाई नाही... ट्रकला तीन वर्षं लागली होती.